सरांचे तान्हे दाते

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना मी गुणपत्रिका, शिफारसपत्रं आणि एमएस्सीचा प्रबंध असा सगळा जामानिमा घेऊन गेले होते. सरांनी त्यातलं काहीही उघडलं नाही. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"घरात कोणी गरोदर आहे?"

माणूस गोंधळतो का हे बघण्याचा हा काहीतरी प्रकार असेल, असं मला वाटलं. वहिनीला सातवा लागलाय, असं मी चाचरत सांगितलं. डॉक्टर नॉर्मल होईल म्हणतात का? म्हणतात. घर कुठे? पंतनगर. "म्हणजे चालत जाता येईल," असं स्वतःशीच पुटपुटून ते म्हणाले, "सोमवारपासून ये."

बाहेर बाकावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळवलेली एक मुलगी बसली होती. तिच्या घरी सगळे म्हातारे होते. ती बिचारी नंतर बंगळुरूला गेली आणि तिचं फार चांगलं झालं, त्यामुळे मला आता त्याचं वाईट वाटत नाही.

घाटकोपरच्या एका कॉलेजात सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. शिकवणं हा त्यांच्या दृष्टीने पगाराचा भाग. खरं काम म्हणजे तान्ह्या बाळांच्या शीमधून उपयोगी जंतू शोधून काढणं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात असे काही जंतू राहायला येतात, की ते दूध पचवायला हातभार लावतात आणि वाईट जंतूंना थारा देत नाहीत. ते वेगळे काढायचे, नाना तऱ्हांनी पारखायचे आणि त्यातला एखादा पुढेमागे आजारी, अशक्त बाळांना देता येईल का ते बघायचं, हे सरांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी लग्न केलं नव्हतं. स्वतःचं मूल नव्हतं. पण मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुणाच्या बाळाला काल हिरवी झाली आणि आज पिवळी, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना ते हा विषय बिल्डिंगच्या भाषेत समजावत. बाळाचं पोट म्हणजे नुकतीच बांधून झालेली बिल्डिंग. पहिल्या महिन्यात जे राहायला येतात तेच पुढे सोसायटी चालवतात. म्हणून भाडेकरू पारखून घ्यायचा. जिना चढताना म्हणजे पोटातल्या आम्लात तो मरता कामा नये. वर पोचल्यावर पित्ताने बेजार होता कामा नये. एकदा आला की भिंतीला धरून राहिला पाहिजे, गुंडांना हुसकावता आलं पाहिजे, शेजाऱ्याशी मात्र भांडता कामा नये. आणि सगळ्यात शेवटी, औषध दिलं की निमूट मरता आलं पाहिजे. या शेवटच्या अटीवर वर्गात कोणीतरी हमखास हात वर करायचं, की चांगला जंतू असेल तर तो मरायला कशाला हवा? सर म्हणायचे, जा म्हटल्यावर जात नाही त्याला चांगला पाहुणा म्हणत नाहीत. त्यांच्या घरी काही दिवसांसाठी येऊन राहिलेल्या एका चुलतभावाची या वाक्याला पार्श्वभूमी होती, असं आमचा लॅब असिस्टंट सांगायचा.

दिसायला सर उंच, किंचित वाकलेले. बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खांद्यावर पट्ट्याने अडकवलेली थर्माकोलची पेटी. ही पेटी त्यांनी वर्सोव्याच्या कोळणीकडून घेतली होती. शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळणाऱ्या महागड्या पेट्यांपेक्षा हिच्यात बर्फ जास्त टिकतो, हे त्यांनी म्हणे प्रयोग करून ताडून पाहिलं होतं. पेटी स्वच्छ होती, पण तिच्यावर निळ्या रंगात पापलेटाचं चित्र होतं आणि ते पुसायचं सरांच्या कधी मनात आलं नाही.

त्या पापलेटाने एकदा चांगलाच घोळ घातला. घाटकोपर पूर्वेला एका कडक शाकाहारी सोसायटीत आम्ही नमुना आणायला गेलो होतो. वॉचमनने पेटी पाहिली आणि आडवा हात घातला. "अंदर मच्छी अलाउड नहीं है." मच्छी नाही म्हणून मी सांगत होते, पण चित्र समोर होतं. तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले, मागून समितीचे आणखी दोघे आले, गेटपाशी पंचायतच भरली. सरांनी शांतपणे पेटी जमिनीवर ठेवली आणि झाकण उघडलं. आत सकाळपासून तीन घरांतून गोळा केलेले डायपर, नावनिशी नसलेल्या पिशव्यांमध्ये, बर्फावर ओळीने मांडलेले होते. मासे नाहीत हे पाहून सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास सोडला. मग काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं आणि मासे परवडले असते असं त्यांचं तोंड झालं. सोसायटीच्या नियमावलीत याबद्दल काहीच लिहिलेलं नसल्यामुळे आम्हाला आत सोडावं लागलं. मेट्रोच्या तपासणीतही तसंच झालं होतं. एकदा पेटी उघडून दाखवल्यावर पुन्हा कधी कोणी उघडा म्हणालं नाही.

नमुना आणायला जाणं म्हणजे काय असतं, हे न पाहिलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. हवे असलेले जंतू भलतेच नाजूक. हवेतला ऑक्सिजन लागला की मान टाकतात. त्यामुळे शी झाल्या झाल्या ती हाती लागायला हवी. म्हणजे मग त्या घरी जाऊन बसायचं. सर सोफ्याच्या कडेला ताठ बसत, पेटी पायाशी. समोर आजीच्या मांडीवर बाळ. सगळं घर बाळाकडे बघतंय. बाळ पंख्याकडे बघतंय. चहा होतो, पोहे होतात, पुन्हा चहा होतो. शेजारच्या बायका डोकावून "झाली का?" विचारून जातात. बाळाच्या तोंडाचा जरा रंग बदलला की आजी म्हणते, "आता करेल," आणि सगळे श्वास धरतात. एका घरी तर आजोबांनी टीव्हीवरची मॅच बंद केली, बाळाचं लक्ष विचलित होतं म्हणून. कुणी फार चुळबुळ करायला लागलं की सर हलकेच म्हणत, "त्यांना घाई करू नका."

'त्यांना' म्हणजे बाळाला. सर बाळांशी अहो-जाहोने बोलत. दार उघडलं की आधी बाळापाशी जाऊन "नमस्कार, झोप झाली का आपली?" विचारत आणि काम झाल्यावर "फार आभारी आहे" म्हणत. ते आपले दाते आहेत, दात्याशी अदबीनेच बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज्यांशीही ते असेच अदबीने बोलायचे. थोडक्यात, दात अजून न आलेल्यांना आणि दात पडून गेलेल्यांना मान. मधल्या सगळ्यांना अरे-तुरे. आमचे प्रिन्सिपॉल सरांचेच जुने विद्यार्थी, त्यांनाही भर मीटिंगमध्ये "अरे, तू आधी बस" असं ऐकावं लागायचं.

माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. ते प्रत्येकाला बाळाच्या नात्याने ओळखत. आमच्या लॅबमध्ये माझ्या आधी आलेल्या मुलाच्या बहिणीचं बाळ दाता होतं, म्हणून तो मामा. वहिनीला मुलगा झाला आणि मी आत्या झाले. "आत्या, त्या प्लेट्स बाहेर काढ." "आत्या, तुझा आलेख वाकडा आहे." बाहेरच्या परीक्षकांसमोर सुद्धा आत्याच. कौतुक करायचं तर त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'चालेल'. वर्षभर राबून केलेल्या कामाला चालेल, छापून आलेल्या पेपरला चालेल. मामा म्हणायचा, "यार, ह्यांना उद्या कोणी सन्मान दिला ना, तरी चालेलच म्हणतील."

आज्यांना मान देण्यामागे अदबीखेरीज एक धूर्तपणाही होता. आमच्या कामाला फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ लागायचं. आईला विचारलं तर ती सांगायची, फक्त अंगावरचं. आणि ते तिच्या दृष्टीने खरंही असायचं. पण घरात बाळाच्या तोंडात काय काय जातं हे ठाऊक असतं आजीला. आणि आजी ते 'देण्यात' धरत नाही. गुटी म्हणजे काही खाणं नव्हे. मधाचं बोट म्हणजे तर नुसतं चाटण. म्हणून सर आईला टाळून आजीशेजारी बसत, तिचे गुडघे, तिचं गाव, तिचा जावई या सगळ्यांची चौकशी करत आणि मग सहज विचारल्यासारखं विचारत: पाणी? मध? गुटी? आजी खुलून सांगायची. मध म्हटलं की सर हात जोडायचे, एक वर्षाच्या आत मध नका देऊ हो आजी, बाळाच्या जिवावर बेतू शकतं, आणि पेटी उचलून निघायचे. ते बाळ बाद. असे किती चहा आमचे वाया गेले असतील त्याला गणती नाही.

गोळा केलेल्यांतून जे जंतू निघत ते सगळे सरांच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, छोट्या छोट्या नळ्यांमध्ये गोठून झोपलेले असत. नळ्यांवर बाळांची नावं लिहायची नाहीत असा नियम होता आणि सर तो पाळत. पण नुसत्या आकड्यांनी त्यांचं समाधान होत नसे, म्हणून ते जंतूंना त्यांच्या वागण्यावरून नावं ठेवत. एक होता भांडकुदळ, तो शेजारच्या कुणालाच वाढू देत नसे. एक होता जावई, त्याला खाऊ बदलला की रुसवा. आणि एक होता आळशी. बाकीचे दोन दिवसांत प्लेटवर दिसायला लागत, हा पाचव्या दिवशी कुठे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दाखवायचा. मी दोनदा ती प्लेट रिकामी समजून टाकायला निघाले होते. दोन्ही वेळा सरांनी हात धरला. राहू दे गं, येतील ते सावकाश, म्हणाले. हा आळशी भांडुपच्या एका बाळाचा. त्या बाळाच्या उष्टावणाला सर पुन्हा जाऊन नमुना घेऊन आले, तर इतक्या महिन्यांनी सुद्धा आळशी आपला तिथेच मुक्काम ठोकून होता. सरांना त्याचं फार अप्रूप.

हे सगळं छान चाललं होतं, पण सरांच्या निवृत्तीची तारीख जवळ येत चालली होती. आमच्या लॅबच्या जागी कॉलेजला 'इनोव्हेशन सेंटर' काढायचं होतं. त्यात रंगीत खुर्च्या आणि मोठा टीव्ही असणार होता. फ्रीजर ठेवायला जागा नव्हती, विजेचं बिल भरायला कोणी तयार नव्हतं. सरांनी दोन-तीन मोठ्या संस्थांना विचारून पाहिलं. त्यांचेच फ्रीजर भरलेले होते. म्हणजे सर निवृत्त झाले की त्यातली प्रत्येक नळी उकळत्या वाफेत घालून मारायची आणि फेकून द्यायची. प्रिन्सिपॉलांनी हे सांगितलं. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

मार्ग एकच होता. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीला बाळांसाठी नवा जंतू हवा होता. आम्ही त्यांना एखादा खरोखर चांगला दाखवला असता, तर संग्रहाला तिथे आसरा मिळाला असता. मग आम्ही फ्रीजर पुन्हा मुळापासून उपसला. नळ्यांवर नुसते आकडे. कोणता कुणाचा ते मामाने मुद्दाम झाकून ठेवलं होतं, म्हणजे कुणाचा लाडका पुढे सरकायला नको. आम्ल, पित्त, चिकटणं, गुंडांना हुसकावणं, औषधाला मरणं. एकेक गळत गेला. आणि एक नळी सगळ्या परीक्षांत पहिली आली. नुसती पहिली नाही, दुसऱ्याला कुठल्या कुठे टाकून. झाकलेलं नाव उघडलं तर तो जंतू माझ्या भाच्याचा.

मला आनंदाने काय करावं कळेना. घरी फोन केला तर आईने सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात वहिनीला सांगितलं, की बाळाचा पहिला नंबर आला. सरांनी त्या जंतूचं नाव 'राजे' ठेवलं. कंपनीच्या बाई बघायला येणार म्हणून तारीख ठरली. आता एकच गोष्ट उरली होती, राजेंच्या जनुकांचं संपूर्ण वाचन करून घ्यायचं. नमुना पाठवला. अहवाल कंपनीच्या बाई यायच्या आदल्या आठवड्यात आला.

मी तो वाचला, पुन्हा वाचला. राजे नवे नव्हतेच. औषधांच्या दुकानात बाळांसाठी जे जंतूंचे थेंब मिळतात, त्यातल्या एका परदेशी बाटलीतला जंतू आणि आमचे राजे अक्षर न अक्षर एक होते. आमची सगळी भिस्त जिच्यावर होती, ती नळी आम्ही जणू नाक्यावरच्या केमिस्टकडून आणली होती.

सरांनी अहवाल वाचला, त्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. मग म्हणाले, "चल, आजींना भेटून येऊ."

पंतनगरपर्यंत आम्ही चालत गेलो. वाटभर मी मनातल्या मनात आईची बाजू मांडत होते, अजून नक्की काय झालंय हे माहीत नसताना. आईला सर एरवीही फारसे पसंत नव्हते. माझे सगळे दात शाबूत आहेत, तुझे सर माझ्यापेक्षा मोठे आहेत आणि मला आजी म्हणतात, हे ती तोवर अनेकदा ऐकवून चुकली होती. तिने दार उघडलं. भाचा एव्हाना घरभर धावत होता. सरांनी आधी त्याला नमस्कार केला, मग बसले. आणि मग त्यांनी आईला ते प्रश्न विचारले, जे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा विचारायचे राहून गेले होते.

पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. "आणि थेंब?" सरांनी विचारलं.

"थेंब ना, दिले की," आई म्हणाली. पोट दुखायचं म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर लिहून दिले होते. ते संपल्यावर आईने खोक्यावरचं वाचलं, तर आत चांगले जंतू असतात असं लिहिलेलं. मग तिने डॉक्टरांना विचारून दुसरी बाटली आणवली आणि सर नमुना न्यायला येईपर्यंत रोज न चुकता दिले. वहिनीला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? "ही रोज घरी येऊन रडायची, चांगले जंतू मिळत नाहीत म्हणून," आई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "मी म्हटलं, पोरीला मिळू देत. का हो, चांगले नव्हते का?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती, ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. माझी चार वर्षं आणि सरांचं सगळं आयुष्य आईने थेंब थेंब करून बाळाला पाजलं होतं. तेही माझ्यावरच्या मायेपोटी. रागावू तरी कुणावर?

सरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, यांचा बांध फुटला. पण सर हसत होते. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले आणि आईला म्हणाले,

"आजी, चांगलेच होते. फार चांगले होते, म्हणूनच पहिले आले. इतक्या गर्दीतून, डोळे बांधून, आम्ही नेमका तोच उचलला जो जगात आधीच सिद्ध झालेला आहे. म्हणजे आमची चाळणी बरोबर आहे. तुम्ही आमची परीक्षा घेतलीत आणि आम्ही पास झालो."

आईला यातलं किती कळलं देव जाणे, पण आपण कुणाची तरी परीक्षा घेतली आणि तो पास झाला, एवढं तिला आवडलं. तिने सरांना शिरा करून खायला घातला. निघताना सर दारात थांबून म्हणाले, की चूक त्यांचीच. बाळ आपल्याच आत्याचं, म्हणून त्यांनी तेव्हा प्रश्न विचारले नव्हते, शिवाय चहा फार चांगला होता.

कंपनीच्या बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, केस घट्ट बांधलेल्या. मामाने आदल्या दिवशी हळूच सुचवलं होतं, की अहवालाचं लगेच कशाला काढायचं, आधी संग्रहाचा जीव तर वाचू दे, कंपनी तपासेल तेव्हा तपासेल. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दिवसभर तोंड उघडलं नाही. सरांनी बाईंना पहिल्याच वाक्यात सांगितलं, की पहिला आलेला जंतू बाजारात मिळतो. मग आईची सगळी गोष्ट सांगितली, शिऱ्यासकट. पलीकडच्या खोलीत फ्रीजर घरघरत होता आणि मला राहून राहून वाटत होतं, की त्याला हे ऐकू जात असेल.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "हा पहिला बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. "त्याच चाळणीतून दुसरा कोण आला?"

"आळशी," सर म्हणाले.

मग त्यांनी आळशीचं प्रगतिपुस्तक मांडलं. वाढतो फार हळू, हे आधी सांगितलं. कारखान्यात असा जंतू महाग पडतो, हेही बाईंच्या आधी स्वतःच सांगितलं. आणि मग सांगितलं, की तो जात नाही. भांडुपच्या बाळाच्या पोटात तो महिनोन् महिने टिकून राहिला, कुणी न पाजता. त्यांनी बाईंना फ्रीजरपाशी नेलं, दार उघडून पांढऱ्या वाफेत हात घातला आणि एकेक खण दाखवत भांडकुदळ, जावई वगैरे मंडळींची ओळख करून दिली. बाई प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. जाताना कळवते म्हणाल्या.

त्यांनी कळवलं, की आळशी पुढच्या तपासणीला घेतोय आणि त्याच्याबरोबर सगळाच संग्रह ठेवून घ्यायला कंपनी तयार आहे. लॅबमध्ये आम्ही अक्षरशः नाचलो. पत्रात सरांबद्दल काही नव्हतं. मी फोन करून विचारलं तर बाईंनी जरा अवघडून सांगितलं, की कंपनीत वयाची अट आहे. सरांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "अगं, भाडेकरूंना घर मिळालं ना? मग दलालाचं काय घेऊन बसलीस?"

नळ्या अंधेरीला नेल्या त्या दिवशी सर टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले आणि आळशीचं खोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. तिथे सगळ्या नळ्या नव्या फ्रीजरमध्ये लागेपर्यंत ते उभेच होते. परत येताना आम्ही मेट्रोने आलो. तपासणीला जवान नेहमीप्रमाणे तोंड फिरवून "जाओ, जाओ" म्हणाला. सर पुढे गेले, थांबले, मागे आले आणि त्यांनी आपण होऊन पापलेटाच्या पेटीचं झाकण उघडून त्याला दाखवलं. "खाली है," म्हणाले. जवानाने आत वाकून पाहिलं आणि सावकाश मान हलवली.

माझ्या पीएचडीच्या प्रबंधाला सरांनी जायच्या आधी 'चालेल' म्हटलं आणि ते मुलुंडला आपल्या घरी जाऊन राहिले. फोन केला की बाळांची चौकशी करत. नुसत्या बाळांची.

मला मुलगी झाली तेव्हा मी माहेरी पंतनगरलाच होते. बघायला येणारे झबली, दुपटी, चांदीची वाटी आणत होते. एका सकाळी सर आले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हात रिकामे. खांद्यावर पेटी नसल्यामुळे ते एका बाजूला कलल्यासारखे दिसत होते. त्यांनी पाळण्याशी जाऊन हात जोडले. "नमस्कार. आपण आलात, फार बरं झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आत्या, तुला बढती मिळाली. आता आई."

मग ते सोफ्याच्या कडेला बसले, ताठ. चहा झाला. आणि मुलीच्या तोंडाचा रंग बदलला. आई म्हणाली, "आता करेल." वहिनीने मिक्सर बंद केला. सवयीने सगळं घर थांबलं. काम झाल्यावर आईने डायपर काढला, नीट घडी करून स्वच्छ पिशवीत घातला आणि सरांपुढे धरला.

सर तिच्याकडे बघत राहिले. "आजी," ते म्हणाले, "माझ्याकडे आता फ्रीजर नाही हो."

"नसू दे," आई म्हणाली. "बघून तरी सांगा. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, आणि थेंबाला मी हातसुद्धा लावलेला नाही."

सरांनी पिशवी घेतली. खिडकीपाशी उजेडात गेले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पिशवी उघडून बराच वेळ पाहत राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्म्याच्या आत बोट घालून डोळे पुसले आणि पाळण्याकडे वळून म्हणाले,

"उत्तम."